विश्लेषण : डीव्हीडीचे कुलूप उघडणे गुन्हा आहे का?

डीव्हीडी प्लेयर बाजारातून जवळपास नाहीसा झाला आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची सोयही उरलेली नाही. पण सोलापूरसारख्या शहरात घरोघरच्या कपाटांत लग्नाच्या, नाटकांच्या, चित्रपटांच्या आणि परदेशातल्या मुला-भाच्यांनी पाठवलेल्या डिस्क अजून पडून आहेत. शाळा, नाट्यसंस्था आणि ग्रंथालयांकडेही त्या आहेत. त्या टिकवायच्या तर त्यांतील मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा लागतो. तिथे दोन अडथळे येतात. एक रीजन कोडचा आणि दुसरा कॉपी प्रोटेक्शनचा. ‘हे बेकायदा आहे’ असे सांगून अनेकदा विषय संपवला जातो. प्रत्यक्षात कायदा तसे म्हणत नाही. तो जिथे खरोखर आडवा येतो, ती जागा वेगळीच आहे.

रीजन कोड म्हणजे काय?

डीव्हीडीच्या वेष्टनावर मागच्या बाजूला पृथ्वीगोलाचे छोटे चिन्ह आणि त्यात एक आकडा असतो. तो रीजन कोड. डीव्हीडी बाजारात आली तेव्हा हॉलीवूडच्या स्टुडिओंच्या आग्रहाने जगाचे सहा विभाग पाडण्यात आले. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्या, आग्नेय आशिया व दक्षिण कोरिया तिसऱ्या, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका चौथ्या विभागात. भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग पाचव्या, तर चीन सहाव्या विभागात आहे. सातवा क्रमांक राखीव ठेवला गेला आणि आठवा विमाने व जहाजांसाठी वापरला गेला.

यात गुंतागुंतीचे तंत्र काही नाही. ही डिस्क कोणत्या विभागांत चालू नये, याची खूण डिस्कवरील माहितीत केलेली असते. प्लेयर ती खूण आपल्या क्रमांकाशी ताडून पाहतो आणि जुळले नाही तर चित्र दाखवायला नकार देतो. चित्रपट डिस्कवर असतोच, प्लेयरला तो वाचताही येतो. फक्त तो दाखवू नको अशी सूचना प्लेयरला दिलेली असते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण घेऊ. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण दोन्ही देशांत जपली जाते. पण त्यांच्या जीवनावरील चित्रपटाची डिस्क कोणी पाच क्रमांकाची काढली, तर रीजन कोड पाळणाऱ्या चीनमधल्या प्लेयरवर ती चालणार नाही.

अशी विभागणी कशासाठी केली?

त्या काळी हॉलीवूडचा चित्रपट अमेरिकेत आधी आणि इतर देशांत काही महिन्यांनी लागत असे. अमेरिकेतली डीव्हीडी आधीच इतर देशांत पोहोचली, तर तिथल्या चित्रपटगृहांचे नुकसान होईल, हे स्टुडिओंचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. पण आणखी एक कारणही होते. एकाच चित्रपटाची किंमत प्रत्येक देशात वेगळी ठेवायची, तर स्वस्त देशातली डिस्क महाग देशात विकली जाता कामा नये. म्हणजे रीजन कोड हा चोरी रोखण्याचा उपाय नव्हताच. पैसे मोजून घेतलेली अस्सल डिस्क कुठे पाहायची, हे ठरवण्याचा तो मार्ग होता. आज मोठे चित्रपट जगभर एकाच आठवड्यात लागतात, त्यामुळे पहिले कारण उरलेले नाही.

हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडींना असे बंधन नसे, कारण त्यांचा ग्राहक दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेला होता. त्यांच्यावर ‘ऑल’ किंवा शून्य असे लिहिलेले असते. भारतात मिळणाऱ्या अनेक स्वस्त प्लेयरमध्ये रिमोटवरची काही बटणे ठरावीक क्रमाने दाबली की विभागाचे बंधन निघून जाई. संगणकाचे मात्र वेगळे आहे. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या बदलानंतर जो विभाग असेल तो कायमचा राहतो. त्यामुळे जुन्या ड्राइव्हवर परदेशी डिस्क लावताना ‘विभाग बदलायचा का’ असा प्रश्न आला, तर विचार करूनच ‘होय’ म्हणावे.

परदेशी डिस्क न चालण्यामागे कधी कधी रीजन कोड नसतोही. अमेरिका व जपानची दूरचित्रवाणी एनटीएससी पद्धतीची, तर भारताची पाल पद्धतीची होती. जुन्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा सरकते, ते या फरकामुळे. संगणकावर ही अडचण येत नाही.

परदेशातून आणलेली डिस्क बेकायदा ठरते का?

नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५१ मध्ये आयातीवर बंधने आहेत, पण त्याच कलमात स्वतःच्या खासगी व घरगुती वापरासाठी एका कलाकृतीची एक प्रत आणायला स्पष्ट सूट आहे. म्हणजे अमेरिकेतल्या मावशीने बॅगेतून आणलेली डिस्क कायद्याला चालते, प्लेयरला चालत नाही.

व्यवसायाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत विकण्यासाठीच्या अस्सल डीव्हीडी आणून भाड्याने देणाऱ्या दिल्लीतील एका व्हिडिओ लायब्ररीविरुद्ध वॉर्नर ब्रदर्स न्यायालयात गेली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटाची प्रत एकदा विकली गेली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडेच राहतो, असा त्याचा आशय होता. पुढे कायदादुरुस्तीच्या २०१० च्या विधेयकात अशा समांतर आयातीला मोकळीक देणारी तरतूद होती. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती वगळली गेली.

कॉपी प्रोटेक्शन वेगळे कसे?

रीजन कोड ही नुसती सूचना आहे. कॉपी प्रोटेक्शन हे खरे कुलूप आहे. डीव्हीडीवरील कुलपाच्या पद्धतीला सीएसएस म्हणतात. यात चित्रपटाची माहिती विस्कटून साठवलेली असते. ती सरळ करण्याची किल्ली डिस्कवरच असते, पण तीही कुलूपबंद. परवाना घेतलेल्या प्रत्येक प्लेयर कंपनीला एक किल्ली दिलेली असते. तिने डिस्कची किल्ली उघडते आणि त्या किल्लीने चित्रपट. डिस्कची किल्ली जिथे असते, त्या आतल्या कड्यावर बाजारातल्या कोऱ्या डिस्कमध्ये लिहिता येत नाही. म्हणून अशा डीव्हीडीची जशीच्या तशी नक्कल कोऱ्या डिस्कवर उतरवली तरी ती चालत नाही. प्लेयरमधून केबलने व्हीसीआरवर चित्र घ्यावे, तर मॅक्रोव्हिजन नावाची दुसरी युक्ती ते चित्र बिघडवते.

दोन प्रकारच्या डिस्कना यातले काहीच लागू नाही. एक म्हणजे व्हीसीडी. तिला रीजन कोडही नाही आणि सीएसएसही नाही. मराठी चित्रपट आणि नाटकांचा मोठा साठा याच स्वरूपात घरोघरी गेला. दुसरी म्हणजे लग्न, मुंज, गॅदरिंगच्या चित्रीकरणाची डिस्क. ती स्टुडिओत कोऱ्या डिस्कवर लिहिलेली असते, तिच्यावर कुलूप नसते. तिच्या मालकीबद्दलही शंका नको. मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ती करून घेणाऱ्याकडे असतो, असे कलम १७ सांगते. तेव्हा लग्नाच्या डिस्कची प्रत काढायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

हे कुलूप तुटले कसे?

सीएसएसची किल्ली ४० बिटची होती. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाच्या दृष्टीने तो तेव्हाही लहान होता. त्यात रचनेतच दोष असल्याने त्याहून खूप कमी शक्यता तपासून काम भागत असे. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्राम इंटरनेटवर आला. तो प्रसिद्ध करणाऱ्यांत नॉर्वेचा १५ वर्षांचा योन लेक योहानसेन होता. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी परवानाधारक डीव्हीडी प्लेयर उपलब्ध नव्हता आणि विकत घेतलेली डिस्क तिथे पाहता यावी, हा उद्देश सांगितला गेला. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतः पाहण्यासाठी उघडणे हा गुन्हा होत नाही, हे नॉर्वेच्या न्यायालयांनी मान्य केले.

अमेरिकेत नेमके उलट झाले. तिथल्या १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हीच चूक मानली, मग हेतू काहीही असो. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हाच प्रोग्राम संकेतस्थळावर ठेवायला मनाई केली. भारतात ‘हे बेकायदा आहे’ असे जे ऐकू येते, ते बहुतेक वेळा याच अमेरिकी कायद्याची सावली असते.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कुलपांविषयीची तरतूद आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आली. ती २१ जून २०१२ पासून लागू आहे. कलम ६५अ नुसार, कॉपीराइट हक्कांच्या रक्षणासाठी लावलेले परिणामकारक तांत्रिक कुलूप, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडले, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात ‘हेतूने’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर या कलमाची आडकाठी नाही, हेही तिथेच लिहिले आहे.

मग मनाई नसलेले काम कोणते? कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापर, संशोधन, टीका व समीक्षा यांसाठीच्या रास्त वापराला परवानगी आहे. २०१२ पूर्वी ही सूट साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती, त्यात चित्रपट नव्हता. आता आहे. त्यामुळे स्वतः विकत घेतलेली डिस्क खराब होण्याआधी घरच्या वापरासाठी तिची एक प्रत काढणे या चौकटीत बसते, असे मला वाटते. मित्राकडून मागून आणलेल्या किंवा भाड्याच्या डिस्कची प्रत ठेवणे, ती व्हॉट्सॲपवर पसरवणे किंवा विकणे मात्र अजिबात बसत नाही. तो कलम ६३ खालचा गुन्हा ठरू शकतो आणि त्याची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षांची आहे.

दुकानदारांसाठीही कायद्यात एक गोष्ट आहे. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे असे काम करून देणाऱ्याकडे एक वही असायला हवी. ग्राहकाला परत पाठवण्यापेक्षा ही वही ठेवणे सोपे आहे.

रीजन कोडबद्दल कायदा गप्प आहे. तांत्रिक कुलपाची व्याख्याच त्यात नाही. न्यूझीलंडने २००८ मध्ये कायद्यातच सांगून टाकले, की अस्सल प्रत कुठे पाहायची हे ठरवणाऱ्या विभागबंदीला संरक्षण नाही. ऑस्ट्रेलियानेही तिला संरक्षणाबाहेर ठेवले. आपल्याकडे असे एक वाक्य असते, तर संशयाला जागाच राहिली नसती.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

घरच्या माणसाला कायद्याने वाट दिली आहे. सार्वजनिक ग्रंथालयाची वाट मात्र एका शब्दाने अडवली आहे. कलम ५२(१)(न) नुसार नफ्यासाठी न चालणारे सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी एखादी कलाकृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवू शकते. अट अशी, की त्या ग्रंथालयाकडे तिची ‘नॉन-डिजिटल’ प्रत आधीपासून हवी. ही अट करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कागदी पुस्तक असावे. पण डीव्हीडी आणि व्हीसीडी या डिजिटल प्रती आहेत. परिणामी, ग्रंथालयात एखाद्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट असेल तर ती संगणकावर साठवता येते. त्याच नाटकाची डीव्हीडी असेल, तर जतनाची ही सूट तिला मिळत नाही.

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्था आहेत. महाराष्ट्रभर १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये आहेत. पुस्तक जीर्ण झाले तर स्कॅन करा, असे आपण त्यांना सांगतो. पुस्तकासोबत आलेली डिस्क, व्याख्यानाची डिस्क, नाटकाची व्हीसीडी यांचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. पुस्तके ठरावीक राष्ट्रीय ग्रंथालयांत जमा करण्याची सक्ती १९५४ च्या कायद्याने आहे. डीव्हीडीला ती लागू नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे काम मोठे आहे, पण प्रत्येक नाटकाची आणि कीर्तनाची डिस्क तिथे पोहोचेल अशी अपेक्षा करता येत नाही.

हक्क संपल्यावर कुलपाचे काय?

चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. चित्रपट म्हणून त्याच्यावरचा हक्क २००६ अखेर संपला. कथा, गीते आणि संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, हे लक्षात ठेवावे लागेल. पण मुद्दा असा, की हक्काला शेवटची तारीख आहे आणि कुलपाला नाही. समाजाच्या मालकीचा झालेला चित्रपटही डिस्कवर कुलूपबंद असेल, तर तो तसाच राहतो. ज्या हक्कासाठी कुलूप लावले, तो हक्क संपल्यावर कुलूप राखण्याचे कारण उरत नाही.

निर्मात्यांचे म्हणणे चुकीचे आहे का?

चोरीची भीती खोटी नव्हती. मराठी निर्मात्याचे बजेट लहान, त्यात चित्रपट लागल्याच्या आठवड्यातच रस्त्यावर नकली डिस्क आली तर तो उभा राहत नसे. पण रस्त्यावरच्या त्या डिस्कवर रीजन कोड नव्हता आणि सीएसएसही नव्हते. कुलपाचा त्रास झाला तो पैसे देऊन घेणाऱ्यालाच. चोरीला खरे उत्तर २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने दिले. तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. अस्सल डिस्क नकलीच्या भावात मिळू लागली. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली, तरी लोक पैसे द्यायला तयार असतात हे तिने दाखवून दिले.

आज हीच विभागणी ओटीटीवर आली आहे. ‘हा चित्रपट तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही ओळ म्हणजे रीजन कोडच. फरक इतकाच, की डिस्क निदान कपाटात राहत होती. करार संपला की ओटीटीवरचा चित्रपट एका रात्रीत दिसेनासा होतो. म्हणून घराघरांत आणि ग्रंथालयांत पडून असलेल्या डिस्कचे मोल वाढले आहे.

आता काय करायला हवे?

घरगुती डिस्कपासून सुरुवात करावी. स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन व उष्णतेने तो बिघडतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलेली डिस्क दरवर्षी थोडी थोडी जाते. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. जुना चालू ड्राइव्ह भंगारात देऊ नये.

सरकारकडून तीन साध्या गोष्टी हव्यात. कलम ५२(१)(न) मधील ‘नॉन-डिजिटल’ ही अट काढावी. विभागबंदीला ६५अ चे संरक्षण नाही, हे कायद्यात लिहावे. आणि राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाने मान्यताप्राप्त ग्रंथालयांकडे कोणत्या डिस्क आहेत, याची यादी मागवावी. यादी करायला तर कायदा बदलण्याचीही गरज नाही. दिल्लीत दुरुस्ती होईपर्यंत काही वर्षे जातील आणि डिस्क तेवढी वाट पाहणार नाहीत.